कुलूप कोणासाठी, किल्ली कोणाकडे?

ज्याच्या मनात कपट नाही त्याने आपल्या कागदपत्रांना कुलूप का लावावे, असा प्रश्न श्रद्धावान माणसे पुष्कळदा विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते की जे अंधारात केले जाते त्याचीच लपवाछपवी करावी लागते, उजेडात चालणाऱ्याला भय नाही. मग घरातील संगणकावरची पत्रे, छायाचित्रे, हिशेब हे सारे सांकेतिक लिपीत बदलून, परवलीच्या शब्दाखाली बंद करून ठेवणे म्हणजे उजेडाकडे पाठ फिरवणे नव्हे काय? या प्रश्नाला घाईने ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणता येणार नाही. त्यासाठी आधी त्या पेटीत काय असते ते पाहिले पाहिजे.

पेटी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. अलीकडे पुष्कळ घरांत राउटरशेजारी एक लहानशी पेटी दिसते. तिच्यात दोन किंवा चार डिस्का असतात, आणि घरातील सर्वांचे मोबाइल व संगणक आपापल्या फाइली तारेने किंवा बिनतारी मार्गाने तिच्यात नेऊन ठेवतात. जाणकार तिला ‘नॅस’ म्हणतात. पूर्वी हे सर्व परक्याच्या कोठारात, तेही फुकट, ठेवण्याची सवय लागली होती. १ जून २०२१ पासून गूगलने छायाचित्रांसाठीची अमर्याद फुकट जागा बंद केली, तेव्हा अनेकांना प्रथमच वाटले की आपल्या वस्तू आपल्या घरी असाव्यात. विचार चांगला आहे. पण वस्तू घरी आली की तिची राखणही घरी येते, हे पेटी विकणारा दुकानदार सांगत नाही.

आता त्या पेटीत डोकावू. लग्नाची व बाप्तिस्म्याची छायाचित्रे, आजोबांच्या जुन्या दाखल्यांच्या प्रती, घराचा उतारा, विम्याचे कागद, मुलांच्या गुणपत्रिका. हे झाले आपले. परंतु जो माणूस मंडळीत थोडेफार काम करतो त्याच्या पेटीत आणखीही काही असते. कोणा भगिनीने प्रार्थनेसाठी लिहून पाठवलेले दुःख, गरजूंना गुपचूप दिलेल्या मदतीची यादी, शब्बाथ शाळेतील लहान मुलामुलींची नावे, पत्ते आणि सहलीची छायाचित्रे, दोन कुटुंबांतील तंट्याबाबतचा पत्रव्यवहार, एखाद्या आजाऱ्याच्या तपासणीचे कागद. ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याच्याजवळही हे सर्व असते. ते त्याचे नसते. दुसऱ्याने विश्वासाने त्याच्या हाती दिलेले असते. माझे पाप झाकण्यासाठी मी कुलूप लावतो की माझ्याकडे सोपवलेल्या माणसाची लाज राखण्यासाठी, हे दोन अगदी निराळे हेतू आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कुलूप मात्र एकच दिसते.

म्हणून ‘मला लपवायचे काही नाही’ हे वाक्य मला जितके निर्मळ वाटते तितकेच आत्मकेंद्रितही वाटते. त्यात ‘मला’ हा शब्द फार मोठा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ठरवले की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हक्काची भाषा न्यायालयाची, ती तेथे शोभते. आपल्यासारख्यांना त्याच गोष्टीची दुसरी बाजू अधिक जवळची वाटावी: शेजाऱ्याचा जो हक्क, ते माझे कर्तव्य. ज्या बाईने आपले रडणे मला लिहून कळवले तिचा हक्क माझ्या डिस्कवर पडून आहे.

कुलूप कसले, हेही थोडे समजून घेतले पाहिजे, कारण अर्धवट समजुतीने माणूस निर्धास्त होतो. या पेट्यांत बहुधा जी पद्धत वापरतात तिचे नाव एईएस. योहान डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती रचली आणि २००१ साली अमेरिकन शासनाने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची सारी रचना जगजाहीर आहे, कोणीही वाचावी. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच म्हटले होते की कुलपाची घडण शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त असावी ती फक्त किल्ली. परवलीचे लांबसे वाक्य ही ती किल्ली. ती नसेल तर चोराला पेटीत अक्षरांचा भुसा सापडतो. तो भुसा पाखडून दाणा काढणे आजच्या कोणत्याही यंत्राला शक्य नाही.

परंतु हे कुलूप कशासाठी आहे? पेटी चोरीला गेली, बिघडलेली डिस्क दुरुस्तीला दिली, जुनी डिस्क भंगारात गेली, अशा वेळेसाठी. फाइल पुसली म्हणजे डिस्कवरून गेली असे नसते. पुसलेले बरेचसे वाचता येते, आणि म्हणून कुलूप नसलेली डिस्क भंगारवाल्याला देणे म्हणजे कपाट रस्त्यावर ठेवणे होय. मात्र पेटी चालू आहे, कुलूप उघडलेले आहे, आणि त्याच वेळी कोणी इंटरनेटच्या वाटेने आत आला, तर त्याला सर्व काही उघडेच दिसते. घरमालक आत दिवाणखान्यात बसलेला असताना दार जसे लोटलेले असते, तसे. आणखी एक खोच अशी की काही पेट्या वीज आल्यावर आपोआप उघडाव्यात म्हणून किल्ली स्वतःच्याच पोटात ठेवतात. सोय खरी, पण चोराने अख्खी पेटी उचलली तर किल्लीही बरोबर गेली. दाराला कुलूप आणि किल्ली चौकटीच्या खिळ्याला!

येथवर राखण्याचा विचार झाला. आता जपण्याचा. लोकांचा समज असतो की पेटीत दोन डिस्का आहेत, दोहोंवर तेच लिहिलेले आहे, म्हणजे आपल्याजवळ दुसरी प्रत आहे. ही प्रत नव्हे. आरशात दिसणारा दिवा हा दुसरा दिवा नसतो. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते, एवढाच तिचा उपयोग. हातून फाइल पुसली गेली तर दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते. वीज कडाडली, पेटी पाण्यात बुडाली, चोरीला गेली, तर दोन्ही एकदमच जातात. बडोद्याच्या वाचकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घरात शिरलेले पाहिले आहे. बेळगाव भागाने ऑगस्ट २०१९ पाहिला, हैदराबादने ऑक्टोबर २०२०. राउटर बहुधा खालच्या फळीवर असतो.

आणि पाण्याशिवायही संकटे येतात. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या पेट्या बाळगणाऱ्या अनेकांना एके दिवशी आपल्या पेट्या रिकाम्या आढळल्या. दूरवरून कोणीतरी त्यांना कोऱ्या होण्याची आज्ञा दिली होती. कंपनीने त्या पेट्यांची देखभाल २०१५ मध्येच थांबवली होती. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या टोळीने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप पेट्यांवर स्वतःचे कुलूप ठोकले आणि किल्लीसाठी प्रत्येकाकडून ०.०३ बिटकॉइन मागितले. गंमत अशी की आपण ज्या विद्येने आपली तिजोरी बंद करतो तिच विद्येने चोर आपल्याला आपल्याच घराबाहेर कोंडतो. विद्या निष्पाप असते की नसते, या वादात मी पडत नाही. किल्ली कोणाच्या हाती आहे यावर सारे ठरते, एवढे मात्र येथे स्वच्छ दिसते.

म्हणून जाणते लोक सांगतात की प्रती तीन असाव्यात, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. नियम साधा आहे. पण आपल्या मराठी ख्रिस्ती वाचकाला तो पटवण्यासाठी मला श्रीरामपूरची आठवण द्यावीशी वाटते. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी विल्यम कॅरी आणि त्याच्या सोबत्यांच्या छापखान्याला आग लागली. कॅरी त्या दिवशी कलकत्त्याला होता. कागदाचा साठा, अनेक भाषांचे टाइप आणि हस्तलिखिते भस्म झाली. त्यांत पौर्वात्य भाषांचा एकत्रित असा जो महाकोश कॅरी वर्षानुवर्षे रचत होता त्याचे हस्तलिखितही गेले. कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये छापून बाहेर पडला होता. त्यांना त्या आगीचे भय नव्हते, कारण ते एका छपराखाली नव्हते, लोकांच्या घरोघरी होते. टाइप वितळले, पण ज्या पोलादी ठशांवरून ते पाडले जात ते राखेत शाबूत सापडले, आणि टाइप पुन्हा ओतता आले. जे वाटले होते ते राहिले. ज्याचा मूळ साचा टिकला ते परत आले. जे एकच होते ते गेले, आणि तो महाकोश पुन्हा कधी झाला नाही. यहोयाकीम राजाने शेगडीत जाळलेली गुंडाळी बारूखाला पुन्हा लिहिता आली ती सांगणारा यिर्मया जिवंत होता म्हणून. आपल्या आजीचे छायाचित्र कोणाला पुन्हा सांगून लिहवता येणार आहे?

वाचकहो, आता खरी अडचण पुढे येते. राखणे आणि जपणे ही दोन्ही कर्तव्ये आहेत असे आपण म्हटले. पण ती एकमेकींच्या वाटेत उभी राहतात. प्रत्येक नवी प्रत म्हणजे आणखी एक दार, जेथून परका आत येऊ शकतो. प्रत्येक नवे कुलूप म्हणजे नुकसानीची आणखी एक वाट. पेटीला भक्कम कुलूप लावले आणि तिची प्रत उघड्या डिस्कवर करून कपाटात ठेवली, तर कुलपाचा उपयोग शून्य. उलट सर्व प्रतींना कुलूप घातले आणि किल्ली एकाच डोक्यात ठेवली, तर त्या डोक्याचे काय होईल यावर घरादाराच्या आठवणी अवलंबून. आणि डोके ही फार बेभरवशाची पेटी आहे. तिला झटका येतो, विस्मृती येते, मृत्यू तर येतोच.

समजा, असे घडले. घरातील कर्ता पुरुष अचानक गेला. पेटी राउटरशेजारी चालू आहे, हिरवा दिवा लुकलुकतो आहे. एके रात्री वीज जाते आणि येते, आणि पेटी परवलीचे वाक्य विचारते. विधवेला ते ठाऊक नाही. विम्याची पॉलिसी, नवऱ्याच्या शेवटच्या आजारातील कागद, धाकट्याच्या पहिल्या पावलांचे चित्रण, सर्व आत आहे, आणि तिच्यासाठी ते चोराला दिसतो तोच भुसा. कंपनीला फोन केला तर कंपनी नम्रपणे सांगेल की किल्ली आमच्याकडे नाही, आणि ती खरे बोलत असेल. कुलूप आपले काम चोख बजावत असते. मालकाची बायको आणि मालकाचा चोर यांत भेद करणे त्याला येत नाही. तो भेद माणसानेच करायचा असतो, आणि तोही हयातीत.

यिर्मयाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात एक व्यवहार आहे. आपण तो आशेचा धडा म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातील दप्तराची व्यवस्था नेहमी विचार करायला लावते. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी तो चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतो. खरेदीखताच्या दोन प्रती होतात. एक मुद्रा करून बंद केलेली, दुसरी उघडी. बंद प्रत कोणी फेरफार करू नये म्हणून, उघडी वेळोवेळी पाहता यावी म्हणून, असा तिचा अर्थ टीकाकार लावतात. दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात घालून पुष्कळ दिवस टिकतील अशा ठेवावयाच्या. आणि ते भांडे ठेवण्याचे काम यिर्मया साक्षीदारांच्या देखत बारूखावर सोपवतो. म्हणजे भांडे कोठे आहे हे दुसऱ्या माणसाला ठाऊक आहे. यिर्मया कैदेतच मेला असता तरी खत हरवले नसते.

उघडे आणि बंद असे दोन भाग करणे, हे मला आपल्या पेटीसाठीही आवश्यक वाटते. कुटुंबाचे जे आहे ते कुटुंबाला उघडे असावे. विमा, घर, छायाचित्रे, दाखले यांची किल्ली पतिपत्नी दोघांजवळ असलीच पाहिजे. येथे गुप्ततेचे कारण सांगणाऱ्या नवऱ्याचे मला काही केल्या पटत नाही. आपल्याकडे अजूनही बँकेचे पासबुक बायकोला न दाखवणारे बंधू आहेत, त्यांनी यंत्राच्या आडोशाने तीच रीत पुढे चालवू नये. परंतु दुसऱ्यांनी विश्वासाने सांगितलेले जे आहे, ते पत्नीचेही नव्हे. दोघे एकदेह होतात हे खरे, पण तिसऱ्याचे गुपित त्या विवाहात हुंडा म्हणून येत नाही. ज्या भगिनीने मला सांगितले तिने माझ्या घराला सांगितले नव्हते. तेव्हा त्या कागदांचा कप्पा निराळा, त्याचे परवलीचे वाक्य निराळे, आणि माझ्यामागे त्या कप्प्याचे काय करावे याची लेखी सूचना. बहुधा ती सूचना एवढीच असावी की तो न उघडता नष्ट करावा. मंडळीच्या नोंदी मंडळीच्या कचेरीत, पंचांच्या ताब्यात असाव्यात, कोणा उत्साही सेवकाच्या घरच्या पेटीत नव्हेत, हेही जाता जाता सांगून टाकतो.

किल्ली दुसऱ्याजवळ ठेवायची म्हणजे कशी? काही जण परवलीचे वाक्य मध्ये कापून अर्धे एका मुलाला, अर्धे दुसऱ्याला देतात. युक्ती चतुर दिसते, पण एक अर्धे हरवले तर सर्व गेले, आणि एका अर्ध्यामुळे चोराचे काम पुष्कळ हलके होते. आदी शमीर नावाच्या गणितज्ञाने १९७९ मध्ये याहून सुरेख रीत दाखवली. गुपिताचे, समजा, पाच हिस्से असे करता येतात की त्यांतील कोणतेही तीन एकत्र आले तर गुपित पूर्ण उलगडावे, आणि दोनच हाती असले तर त्यातले काडीइतकेही कळू नये. ती गणिताची रीत आहे आणि आज संगणकावर सहज करता येते. पण बहुतेक घरांना तिची गरज नाही. जाड कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलेले वाक्य, बंद पाकिटात, पाकिटावर तारीख व सही, आणि ते पाकीट वारसाचे नामांकन केलेल्या बँकेच्या लॉकरात किंवा विश्वासू भावाच्या कपाटात. परवलीचे वाक्य बदलले तर पाकीटही बदलावे. ते न बदलणे ही फार साधी आणि फार महागात पडणारी चूक आहे. आणि वर्षातून एकदा, घरातील दुसऱ्या व्यक्तीने, मालक शेजारी गप्प बसलेला असताना, त्या पाकिटावरून एखादी फाइल प्रतीतून परत काढून दाखवावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती प्रत आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते.

एका गोष्टीबद्दल मात्र पेटी विकणारे आणि तिचे भक्त कधी बोलत नाहीत. जपण्यासारखे सर्वच नसते. डिस्क स्वस्त झाल्यामुळे आपण काही टाकतच नाही. वीस वर्षांपूर्वी भावाने रागाच्या भरात लिहिलेले पत्र, मंडळीतील जुन्या भांडणाची निवेदने, कोणाच्या तरी पडत्या काळातील छायाचित्र, हे सारे तीन तीन प्रतींत, भक्कम कुलपात, अगदी सुरक्षित आहे. आपण भावाला क्षमा केली असे म्हणतो आणि पत्र मात्र जपतो. कशासाठी? कदाचित पुरावा म्हणून. पुरावा राखून ठेवलेली क्षमा कितपत क्षमा आहे, हा प्रश्न मी ज्याच्या त्याच्यावर सोपवतो. याला दुसरी बाजूही आहे, आणि ती मी नाकारत नाही. ज्या घरात मारहाण झाली, ज्या मुलावर अन्याय झाला, तेथे पुरावा जपणे हेच दुर्बळाच्या बाजूने उभे राहणे असते, आणि तेथे ‘विसरून जा’ म्हणणारा पापात भागीदार होतो. कोणता कागद कोणत्या जातीचा, हे पेटी सांगणार नाही.

शिवाय जुन्या काळी पत्र चुलीत घातले की संपत असे. आज ‘तुमचे ते पत्र मी पुसून टाकीन’ असे कोणाला वचन दिले, तर त्या वचनाचा अर्थ तपासावा लागतो. पेटीवरून ते पुसले तरी पेटी ठराविक काळाची जुनी रूपे स्वतःजवळ राखते, त्यांत ते आहे. कपाटातील डिस्कवर आहे. आणि तिसरी प्रत घराबाहेर असावी म्हणून इंदूरला भावाकडे दिलेल्या डिस्कवर आहे. ती डिस्क नाताळच्या सुट्टीत येईल. तोपर्यंत ज्याला वचन दिले त्याला खरे काय ते सांगावे: घरचे पुसले आहे, इंदूरचे अजून राहिले आहे, जानेवारीत पुन्हा कळवतो.